कोंडवाडा आणि नातवाची स्कूटी

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी "महिनाभर कॉम्प्युटर बंद" असा दम दिला होता. आता दिसायला लागलं आहे. इतकं स्वच्छ, की घरातली जळमटंही दिसतात! असो.

ऑपरेशनसाठी वर्धा सोडून लेकीकडे गेले होते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण जे घडलं ते कुठल्याही मोठ्या शहरात घडू शकतं, आणि मला कुणाला बदनाम करायचं नाही. पंधरा दिवसांनी तपासणी होती. नातू म्हणाला, "आजी, ऑटो कशाला? माझ्या मागे बस." बसले. दवाखान्यासमोर रस्त्याच्या कडेला वीसेक दुचाक्या ओळीने उभ्या होत्या. त्याच ओळीत त्याने आपली स्कूटी लावली. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर जागा मोकळी! एक स्कूटीच काय, अख्खी ओळच गायब. पानठेल्यावाला आमच्याकडे न बघताच म्हणाला, "उचलून नेल्या. गाडी येऊन गेली आत्ताच."

मग ऑटो करून तीन किलोमीटरवरच्या त्या मैदानात गेलो, जिथे उचललेल्या गाड्या ठेवतात. तारेचं कुंपण, फाटकाशी टेबल, टेबलावर मशीन. टेबलाजवळचा तरुण मुलगा तसा सभ्य होता. मला बसायला खुर्ची दिली. दंड किती? तर १५०० रुपये, शिवाय उचलून आणण्याचा खर्च वेगळा. "पाचशे ना?" असं नातवाने विचारताच मशीनने त्याचं बिंग फोडलं. आधीचं एक चलान त्याच्या नावावर होतं, म्हणून हा दुसरा गुन्हा. त्याचा मेसेज जुन्या मोबाइल नंबरवर गेला होता म्हणे! (लेकीला हे इथेच वाचून कळणार आहे. रागावू नकोस ग त्याला.)

मी त्या मुलाला विचारलं, "बाळा, तिथे 'गाडी लावू नये' अशी पाटी कुठे होती?"

"असते आजी. असणारच."

"आणि उचलण्याचा खर्च किती, ते कुठे लिहिलं आहे?"

"मशीनमध्ये येतं."

"आणि आम्हाला हे मान्य नसेल तर?"

"ऑनलाइन तक्रार करा ना. आमच्या हातात काही नाही."

पैसे भरले. स्कूटीचा डावा आरसा तुटला होता. तो कुणी तोडला हे विचारायची सोयच नव्हती. परत येताना मी हट्टाने पुन्हा दवाखान्याकडे जायला लावलं. पाटी होती हो! खांबावर होती. फक्त तिच्यापुढे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फ्लेक्स लावलेला होता. बाजूने वाकून बघितलं तर 'नो पा' एवढी अक्षरं दिसत होती. वाकून बघायला माझं ऑपरेशन झालेलं, म्हणून मला दिसली!

नातू म्हणाला, "जाऊ दे ना आजी. सगळ्यांचंच होतं."

त्याच्या 'जाऊ दे'ने मला एकदम पासष्ट वर्षं मागे नेलं. ते तारेचं कुंपण बघितल्यापासूनच मनात काहीतरी घोळत होतं. हे आपण कुठेतरी पाहिलं आहे... कुंपण, फाटक, आत अडकलेली मुकी गर्दी आणि बाहेर पैसे मोजणारा धनी. अहो, हा तर कोंडवाडा!

आमच्या पिढीला कोंडवाडा सांगावा लागत नाही, पण नातवंडांसाठी सांगते. गावाच्या कडेला दगडी भिंतीचा किंवा काटेरी कुंपणाचा एक वाडा असे. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या वावरात शिरलं, पीक खाल्लं, किंवा रस्त्यावर मोकाट फिरताना सापडलं, की ते तिथे नेऊन कोंडायचे. मालकाने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरला की जनावर सुटे. नाही भरला तर लिलाव.

घरी आल्यावर मी नातवाला म्हटलं, दंड म्हणून आता माझं एक काम कर. तुझ्या त्या मोबाइलवर कोंडवाड्याचा कायदा शोध. मी शाळेत इतिहास शिकवला खरा, पण कोंडवाड्यामागे कुठला कायदा होता हे कधी वाचलं नव्हतं. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईला इंग्रजी कायदा वाचायचा म्हणजे डिक्शनरी मांडीवर हवी. पण दोघांनी मिळून तीन संध्याकाळी वाचून काढला. आणि मंडळी, मी चकित झाले.

कायदा १८७१ सालचा आहे, इंग्रज सरकारचा. त्या वर्षीचा पहिलाच कायदा. 'गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा' म्हणा हवं तर. म्हणजे १८५७ होऊन जेमतेम चौदा वर्षं झालेली. जनतेच्या प्रेमाने उतू जाणारं ते सरकार नक्कीच नव्हतं. आणि तरी त्यात काय काय लिहिलं आहे बघा.

पहिली गोष्ट, दराची. मूळ कायद्यात प्रत्येक जनावराचा दंड स्वच्छ लिहिला होता. हत्तीला २ रुपये, उंट किंवा म्हशीला ८ आणे, घोडा-बैल-गायीला ४ आणे, वासरू-गाढव-डुकराला २ आणे आणि शेळी-मेंढीला १ आणा. (हत्ती कोंडवाड्यात कसा नेत असतील, हा नातवाचा प्रश्न. मला उत्तर आलं नाही.) आणि नुसते दर ठरवून थांबले नाहीत. दंडाची आणि चारापाण्याच्या खर्चाची यादी प्रत्येक कोंडवाड्यावर किंवा त्याच्याजवळ ठळक जागी लावलीच पाहिजे, असं कलम आहे.

दुसरी गोष्ट, नोंदीची. जनावर आत आलं की कोंडवाडा सांभाळणाऱ्याने वहीत लिहायचं: जनावरं किती, त्यांचं वर्णन काय, कुठल्या दिवशी, किती वाजता आणली, आणणाऱ्याचं नाव-गाव काय, आणि माहीत असेल तर मालक कोण. आणणाऱ्याला त्या नोंदीची नक्कल द्यायची. जनावराला चारा-पाणी द्यायचं ही त्या राखणाऱ्याची जबाबदारी.

तिसरी, सात दिवसांत कुणी जनावर न्यायला आलं नाही तर लगेच विकायचं नाही. पोलीस ठाण्याला कळवायचं. ठाण्याने नोटीस लावायची, आणि जिथे जनावर पकडलं त्या गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. त्यानंतरही सात दिवस वाट बघायची, मग लिलाव.

चौथी मला फार आवडली. त्या लिलावात कुणा पोलीस अधिकाऱ्याने किंवा कोंडवाड्याच्या माणसाने स्वतः किंवा दुसऱ्याच्या आडून जनावर विकत घ्यायचं नाही. म्हणजे पकडणाऱ्याचा पकडण्यात फायदा असता कामा नये, हे त्या साहेबाला १८७१ साली कळलं होतं!

आणि पाचवी तर माझ्या स्कूटीच्या दुखण्यावरच बोट ठेवणारी. मालकाला वाटलं की आपलं जनावर बेकायदा पकडलं आहे, तर त्याने दंडाची रक्कम अनामत ठेवायची आणि जनावर घरी घेऊन जायचं. मग दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. तक्रार लेखी असली तरी चालेल, तोंडी असली तरी चालेल. तोंडी असली तर मॅजिस्ट्रेटने ती लिहून घ्यायची. तक्रार खरी ठरली तर भरलेला दंड आणि झालेला खर्च परत, वर १०० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई, आणि ती कुणी द्यायची? तर ज्याने जनावर पकडलं त्याने.

तोंडी तक्रार! ज्याला लिहिता येत नाही त्याचाही विचार. आणि मी, छत्तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलेली बाई, त्या ऑनलाइन तक्रारीत फोटो कुठे जोडायचा हे न कळून अडकून बसले होते.

आता कुणी म्हणेल, बाई इंग्रजांच्या आरत्या ओवाळायला लागल्या. तसं नाही. कागदावरचा कायदा आणि वाड्यातला कोंडवाडा यांत फार अंतर होतं. चारा नावालाच असे. मॅजिस्ट्रेट बसायचा जिल्ह्याच्या गावी, आणि बैल कोंडलेला कास्तकार पेरणी टाकून तिथवर जाणार कसा? पुढे जंगलं राखीव झाली तेव्हा हाच कायदा तिथेही लागू केला. राखीव जंगलात गुरू शिरलं की कोंडवाडा. १९२७ च्या वन कायद्यात तसं कलमच आहे. जंगलखात्याने कास्तकाराची कशी कोंडी केली, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवलं आहे. त्यामुळे कोंडवाड्याचं गुणगान करायला मी बसलेली नाही. पण कागदावर काय लिहिलं आहे यालाही महत्त्व असतं, हे मी माझ्या बाबांकडून शिकले. ती गोष्ट सांगते.

आमचं गाव सेलू तालुक्यात. साल १९६१ असेल, मी दहा-अकरा वर्षांची. एका रात्री आमचा सर्जा दावं तोडून शेजाऱ्याच्या तुरीत शिरला. सकाळी कळलं, बैल कोंडवाड्यात आहे. बाबा निघाले, मीही मागे लागले. बाबा चौथी शिकलेले. वाचायला यायचं, पण बोट ठेवून, एक एक अक्षर जुळवत. कोंडवाड्यावरच्या माणसाने एक आकडा सांगितला. किती ते आता आठवत नाही, पण माय घरून देताना मोजलेल्या पैशांपेक्षा तो जास्त होता, एवढं आठवतं. बाबांनी काहीच म्हटलं नाही. भिंतीवर काळ्या पत्र्याची पाटी होती, तिच्याजवळ गेले. बोट ठेवून वाचायला लागले. मागे दोन-तीन माणसं उभी होती, त्यांना घाई होती. बाबांना नव्हती. पूर्ण पाटी वाचून झाल्यावर ते वळले आणि म्हणाले, "चूक आपल्या बैलाची हाये, दंड देतो. पण पाटीवर लिवलं हाये तेवढाच."

तो माणूस आधी चिडला. मग पाटीकडे बघितलं, मागच्या माणसांकडे बघितलं, आणि तेवढेच घेतले. सर्जाचं पोट खपाटीला गेलं होतं. घरी येताना बाबा शेजाऱ्याच्या दारात थांबले आणि तुरीचं काय नुकसान झालं ते विचारून आले.

मंडळी, मी नंतर खूप पुस्तकं वाचली, पण कायदा म्हणजे काय हे मला त्या पत्र्याच्या पाटीपाशी कळलं. पाटी होती म्हणून चौथी शिकलेला माणूस ताठ उभा राहू शकला. आणि पाटीने त्याला दंडातून सोडवलं नाही, हेही तितकंच खरं.

आता बैलावरून स्कूटीवर येते. मध्ये आमच्या वर्ध्याचा रस्ता लागतो.

वर्धा हे तसं तरुण गाव. १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. मुख्य ठिकाण आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं गाव आखलं आणि नदीचं नाव त्याला दिलं. लगेच १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७४ साली नगरपालिका झाली. आखून वसवलेलं गाव, त्यामुळे जुन्या गावांच्या मानाने रस्ते सरळ आणि रुंद. कापसाच्या हंगामात त्यावरून बंड्यांच्या रांगा लागत. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला गेले, त्यानंतर देशभरातले पुढारी वर्धा स्टेशनला उतरत आणि टांग्याने आश्रमाकडे जात. गाडी कुठे लावायची हा प्रश्न तेव्हा टांगेवाल्याचा होता, आणि त्याचं उत्तर झाडाखाली मिळत असे.

माझ्या शाळकरी वयात नियमांचा बडगा होता तो सायकलला. आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण सायकलवर नगरपालिकेचा कर असे. वर्षाला पैसे भरायचे आणि पितळेचा बिल्ला आणून सायकलला बसवायचा. बिल्ला नसेल तर नाक्यावर सायकल अडकवून ठेवायचे. रात्री दिवा नाही म्हणून पोलीस पकडत. डबलसीट बसलं म्हणून पकडत. माझा मोठा भाऊ नाका दिसला की उतरून सायकल हातात धरून चालायला लागायचा. "पायी चालणाऱ्याला बिल्ला कशाला?" हा त्याचा युक्तिवाद! पण बिल्ल्यावर साल कोरलेलं असे. आहे की नाही, चालू वर्षाचा की मागचा, हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांना एकाच नजरेत दिसत असे.

मग आल्या स्कूटर. यात वर्ध्याचा संबंध कसा येतो बघा. वर्ध्याचे बच्छराज बजाज, त्यांनी दत्तक घेतलेला नातू म्हणजे जमनालालजी. बच्छराजांच्या नावाने १९४५ मध्ये 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' निघाली, तीच पुढे बजाज ऑटो झाली. १९७२ मध्ये त्यांची चेतक आली, आणि त्याच साली पुण्याच्या कायनेटिकची लूना. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मी १९८३ मध्ये लूना घेतली. शाळेतली पहिली लूनावाली बाई मीच! ज्या घराण्याने वर्ध्याच्या बाजारात नाव कमावलं, त्यांच्याच गाड्यांनी पुढे त्या बाजाराची वाट अडवली, असं मी गमतीने म्हणते. पण दोष गाडीचा नाही. एका घरात एक सायकल होती, तिथे आता दोन दुचाक्या आणि एक चारचाकी आहे, नंबर सगळ्यांचा एमएच ३२. आणि गोल बाजार तेवढाच आहे, १८६६ च्या आखणीला रबर नाही.

ही अडचण काही आपल्या एकट्याची नाही. ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इसवी सनापूर्वी ४५ मधल्या कायद्याने रोम शहरात दिवसाचा बहुतेक वेळ मालगाड्यांना बंदी घातली होती. गाडी उभी करण्याचे पैसे मोजणारं पहिलं मीटर १९३५ च्या जुलैत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं. चाकाला लावायचा तो पिवळा जबडा शोधला डेन्व्हरच्या फ्रँक मारुग यांनी, आणि ते होते ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारे! जपानने तर १९६२ मध्येच कायदा केला, आधी गाडी ठेवायची जागा दाखवा मग गाडी घ्या. आपल्याकडेही असंच काही करण्याची घोषणा परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये केली. म्हणजे त्रेसष्ट वर्षांनी निदान विषय तरी निघाला.

आपला सध्याचा मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम ११७ म्हणतं की गाड्या उभ्या करायच्या जागा सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने, नगरपालिकेशी विचारविनिमय करून ठरवाव्यात. कलम १२७ म्हणतं की मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो आणि उचलण्याचा खर्च मालकाने द्यायचा. साधा दंड पूर्वी १०० रुपये होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १५०० झाला. देशात ती १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाली. आपल्या राज्याने तेव्हा हात आखडता घेतला आणि डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर लागू केले. मुंबईत त्याआधीच, ७ जुलै २०१९ पासून, महापालिकेने २६ सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्या दुचाकीला ५ हजारांपासून आणि अवजड वाहनाला विलंबशुल्क धरून २३ हजारांपर्यंत दंड ठेवला होता.

या कलमांत मला दोन पारडी दिसतात. उचलण्याचं कलम लखलखीत वापरात आहे. जागा ठरवून देण्याचं कलम मात्र गावोगाव झोपलेलं आहे. जिथे लावू नये त्या पाट्या दिसतात (फ्लेक्समागे का होईना), पण 'इथे लावा' अशी पाटी मी आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या.

आणि घाईचं काय होतं? नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आत बसलेली असताना मोटार ओढून नेली. त्या पोलिसाला निलंबित करावं लागलं. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत मोटरसायलवर माणूस बसलेला असताना, माणसासकट गाडी उचलली. तो हवेत लटकलेला व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. लोक हसले. मला हसू आलं नाही. १८७१ च्या कायद्याने बैलाला पाणी पाजायला सांगितलं होतं हो!

एवढं सगळं लिहिल्यावर आता दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन.

२०१७ च्या मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स बोलावली. ती आलीही लवकर. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकली. पलीकडच्या मंगल कार्यालयात लग्न होतं, आणि वऱ्हाडाच्या गाड्या दोन्ही कडेला, वळणावर, जिथे फट दिसेल तिथे लावलेल्या. एक चारचाकी अशी आडवी होती की ॲम्ब्युलन्सला वळताच येईना. माईकवरून नंबर पुकारला. बँड चालू होता, ऐकू कुणाला जाणार? शेवटी मोहल्ल्यातल्या पोरांनी ह्यांना खुर्चीत बसवून उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. दहा-बारा मिनिटं गेली असतील. हे वाचले. त्यानंतर चार वर्षं आम्हाला मिळाली. पण ती दहा-बारा मिनिटं मी अजून विसरलेले नाही. त्या रात्री कुणी ती गाडी उचलून नदीत टाकली असती तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

तो गाडीवाला धावत आला तेव्हा हात जोडून काय म्हणाला, माहीत आहे? "काकू, पाचच मिनिटांसाठी लावली होती हो."

पाचच मिनिटं. हे वाक्य माझंही आहे. वीस वर्षं मी भाजी घेताना लूना दुकानाच्या पायरीला टेकवून "पाचच मिनिटं हं भाऊ" म्हणत आले. कुणाची वाट अडली असेल, मी वळून बघितलं नाही. म्हणून गाड्या उचलूच नयेत, असं मी कधीच म्हणणार नाही. शेजाऱ्याची तूर खाल्ली की दंड भरायलाच हवा. वळणावर, दवाखान्याच्या दारात, शाळेच्या फाटकात, फुटपाथवर गाडी लावली तर नियमाप्रमाणे ती चूकच आहे, आणि उचलली तर तक्रार करू नये.

माझं म्हणणं एवढंच, की आधी पाटी दिसू दे. उचलताना किती वाजता, कुठून, कुणी उचलली याची नोंद आणि एक फोटो मालकाला मिळू दे. उचलून ठेवतात तिथे दराचा फलक ठळक असू दे. आरसा तुटला तर तो कुणाच्या माथी, हे ठरलेलं असू दे. जितक्या जास्त गाड्या उचलल्या तितके जास्त पैसे, असा हिशेब उचलणाऱ्याचा नसू दे. आणि ज्याला मोबाइलमधलं कळत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाची तोंडी तक्रार ऐकून लिहून घेणारं एक माणूस कुठेतरी बसलेलं असू दे. यातलं एकही मागणं नवं नाही. दीडशे वर्षांपूर्वी बैलासाठी यातलं बरंचसं लिहून ठेवलेलं होतं.

आमच्या वर्ध्यातही आता चौकाचौकांत यंत्रं आली, मोबाइलवर चलान येतात, लोकअदालतीच्या नोटिसा येतात. परवा सोशालिस्ट चौकात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचं कपड्याचं दुकान आहे. म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक गाडी लावायला भीते, म्हणून दुकानातच येत नाही. आणि गाड्या लागल्या तर माझ्याच दुकानाचं दार बंद होते. सांगा, काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. छत्तीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

हां, एक सांगायचं राहिलं. आम्ही तक्रार केली. मी तोंडी सांगितली, नातवाने टाइप केली. फ्लेक्समागच्या पाटीचा फोटो जोडला. पहिल्या ओळीत काय लिहायचं यावर आमचा वाद झाला. त्याला लिहायचं होतं, 'आमच्यावर अन्याय झाला आहे.' मी म्हटलं, तसं नाही. लिही, 'गाडी मनाई असलेल्या जागी होती, हे मान्य. पण पाटी दिसत नव्हती.' तो म्हणाला, "आजी, असं लिहिलं तर पैसे परत मिळणार नाहीत." मी म्हटलं, न मिळोत. तुझ्या पणजोबांनी असंच लिहिलं असतं.

दोन आठवडे झाले. 'तक्रार विचाराधीन' असं दिसतं म्हणे. परवा नातवाचा फोन आला होता. दवाखान्यासमोरून गेला होता, तर तो फ्लेक्स उतरवलेला. आमच्या तक्रारीमुळे की वाढदिवस होऊन गेला म्हणून, कोण जाणे! पण पाटी आता दिसते म्हणाला.

तुमच्या गावी कोंडवाडा होता का? आता तिथे काय आहे? सायकलचा पितळी बिल्ला कुणाच्या घरी अजून असेल तर जपून ठेवा. आणि कोंडवाड्यावरची जुनी पाटी कुणाला कुठे दिसली तर मला जरूर कळवा. डोळे चांगले झाले आहेत, येऊन वाचीन म्हणते.